मुलाच्या मापाची अंगणवाडी



आम्ही मुंबईच्या उपनगरांत बालवाड्या आणि अंगणवाड्या सांभाळणाऱ्या बायका. आमच्यातली कुणी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर असते, कुणी मुलुंडच्या बैठ्या चाळीत, कुणी अंधेरीत, कुणी बोरिवलीत. बहुतेकींचं माहेर नाहीतर सासर गावाकडचंच आहे, कुणाचं साताऱ्याकडे, कुणाचं जुन्नरला, कुणाचं संगमेश्वरला. त्यामुळे शहरातल्या बायांनी गावातल्या बायांना शिकवायचं, असं आजचं बोलणं नाही. आमच्याकडे जागेची टंचाई आहे, आणि टंचाईत माणसाला बरंच सुचतं. ते तुम्हाला सांगायचंय. तुमच्या गावात नवी अंगणवाडी बांधायची असेल किंवा जुनी दुरुस्त व्हायची असेल, तर ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जे बोलायचं ते पाया खणण्याआधी बोलायला हवं. भिंत उभी राहिली की खिडकी खाली आणता येत नाही.

आमची एक खोली आहे दहा बाय बाराची. म्हणजे १२० चौरस फूट. त्यात २४ मुलं बसली की एका मुलाला ५ चौरस फूट येतात, एक पाट आणि समोर ताट मावेल एवढेच. त्याच खोलीत वजनकाटा, धान्याचे डबे आणि रजिस्टरांचं कपाट. सरकारी निकषात अंगणवाडीची इमारत ६०० चौरस फुटांची धरलेली आहे. त्यात बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, सामानाची कोठी आणि मुलांना वापरता येईल असं शौचालय हवं. मुंबईत एवढी जागा भाड्याने मिळणं कठीण. गावात मात्र जागा असूनही कधीकधी तसंच होतं. इमारत मोठी असते, पण ती मोठ्या माणसांच्या मापाने बांधलेली असते. कडी उंच, नळ उंच, फळा उंच, खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. मुलाला प्रत्येक गोष्टीसाठी "ताई, ताई" करावं लागतं.

मुलाच्या मापाची जागा हवी, हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी इटलीत, रोम शहराच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी पहिलं बालगृह सुरू केलं. आईबाप कामावर जायचे आणि मुलं दिवसभर जिन्यांवर, भिंतींजवळ मोकाट फिरायची. आपल्या चाळीत होतं तसंच. त्यांच्यासाठी त्याच इमारतीत एक खोली मिळाली. बाईंनी तिथे मुलांना उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या केल्या, हात पोचेल अशी कपाटं केली. वस्तू हाताशी आल्या तशी मुलं स्वतःहून कामाला लागली.

आपल्याकडे हा विचार आणणाऱ्यांत ताराबाई मोडक होत्या. त्यांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं आणि १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. पण महागडी साधनं आणि फर्निचर खेड्यात कुठून आणायचं? १९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघही तिथे आल्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि आदिवासी मुलं काही तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत नेली. तिथल्या घरासमोरचं अंगण झाडलं, सारवलं आणि तिथेच मुलं बसवली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. आज देशभर तो शब्द चालतो, पण त्यातलं अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी राहिलेलं नाही.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मोजायला बिया, रंग ओळखायला पानं-फुलं, रचायला शिंपले आणि खडे. खर्च जवळजवळ नाही, पण मांडणी मात्र विचार करून केलेली.

मुंबईत दुसरा एक प्रयत्न आम्हाला फार जवळचा वाटतो. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरं सुरू केली. १९७२ पासून हे काम मुंबईतही आलं. जिथे इमारत उभी राहतेय तिथेच तात्पुरती खोली, तान्ह्यांना झोळी, मोठ्यांना बालवाडी. इमारत पूर्ण झाली की मजूर पुढच्या कामावर जातात आणि पाळणाघरही पुढच्या साइटवर जातं. म्हणजे चांगली जागा म्हणजे पक्की भिंतच असं नाही. मुलाला तिथे काय करता येतं, हे बघायचं.

आता कामाचं बोलू. एक काठी घ्या. तीन फुटांची. तीन वर्षांचं मूल साधारण एवढंच असतं. काठीवर खडूने खुणा करा आणि ती घेऊन अंगणवाडीत फिरा.

पहिली खूण दीड फुटावर. हात धुवायचा नळ किंवा पाण्याची टाकी इथे हवी. नळ हाताशी असला की मूल आपलं आपण हात धुतं, आणि २५ मुलांचे हात धुवायला मदतनीसताईंना उभं राहावं लागत नाही. तेवढा वेळ त्यांना मुलांशी बोलायला मिळतो.

दुसरी खूण दोन फुटांवर. खिडकीचा उंबरठा याच्या वर नको. मुलाला बाहेरचं झाड, कोंबडी, येणारी-जाणारी माणसं दिसू देत. त्यावरच तर ते बोलायला शिकतं. खिडकी खाली आली म्हणजे गज मात्र जवळजवळ हवेत. मोठ्या माणसाची मूठ जाईल एवढीच फट ठेवा, चार इंचांच्या आत. त्यातून मुलाचं डोकं जात नाही.

आणि काठीचं टोक, म्हणजे तीन फूट. भिंतीचा एवढाच भाग मुलाचा असतो. खालच्या तीन फुटांना काळा रंग दिला की चारी भिंती फळा होतात. वीस मुलं एका वेळी उभी राहून रेघोट्या मारू शकतात. बोलक्या भिंती रंगवायच्या तर याच पट्ट्यात रंगवा. छताजवळ काढलेला हत्ती साहेबांना दिसतो, मुलांना दिसत नाही. दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी इमारतच शिकवेल असा 'बाला' नावाचा उपक्रम मांडला, तो तुम्ही ऐकला असेल. त्यात दार उघडतं तिथे जमिनीवर कोन आखतात, खिडकीच्या जाळीला बोटाने गिरवता येतील असे आकार देतात. रंगाचा डबा नसला तरी जमिनीवर खडूने आखलेली लंगडीची घरं आकडे शिकवतातच.

पायरी बघा. वीतभर पायरी आपल्याला बरी वाटते, पण मुलाच्या ती जवळजवळ गुडघ्याशी येते. पाच इंचांची पायरी करा आणि कठड्याला दोन फुटांवर दुसरा दांडा लावा. घाटकोपरच्या उतारावर राहणाऱ्या आम्हाला पायरीची किंमत नीट कळते. फरशी चकचकीत नको, ओली झाली की मुलं घसरतात. शहाबादी किंवा खडबडीत फरशी बरी.

शौचालयाचं भांडं लहान हवं, आत उजेड हवा आणि आतून कडी नको. पाण्याचं पिंप झाकणाचं हवं. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं.

छत पत्र्याचं असेल तर उन्हाळ्यात खोली भट्टी होते. गरम हवा वर जाते, म्हणून तिला वरूनच बाहेर जायला वाट हवी. समोरासमोरच्या दोन भिंतींना छताखाली झरोके ठेवा. पत्र्याला वरून पांढरा चुना मारा आणि आतून बांबूच्या चटया लावा. पावसात पत्र्याचा आवाज एवढा होतो की ताईंची गोष्ट मुलांना ऐकूच येत नाही. त्या चटया आवाजही थोडा खातात. कोकणात नि मुंबईकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूला खोल पडवी असली तर पावसाळ्यातही मुलं कोरड्यात खेळतात.

स्वयंपाकाची जागा वेगळी हवी, हे मात्र सोडू नका. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, ती गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. जागा नसेल तर निदान चूल किंवा गॅस बाहेरच्या बाजूला, पक्क्या भिंतीपलीकडे असू द्या. मुलांच्या खोलीला बाहेर उघडणारी दोन दारं असू द्या आणि दुसऱ्या दारासमोर पोती रचू नका.

खोली छोटी असेल तर कोपरे करा. एका कोपऱ्यात भातुकली, एकात ठोकळे, एकात पुस्तकं, आणि एक कोपरा नुसता शांत, गोधडी अंथरलेला. नवं आलेलं, रडणारं मूल तिथे बसून बाकीच्यांना बघतं आणि मग हळूच उठून खेळायला जातं. आम्ही साड्यांचे पडदे लावून हे कोपरे केलेत. खेळणी कपाटात कुलपात ठेवू नका. उघड्या, खालच्या फळ्यांवर ठेवा. मूल घेतं, खेळतं आणि जागेवर ठेवायलाही शिकतं.

आता पैशांचं आणि हक्काचं. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून शिलाई मशिनं येतात, तसा अंगणवाडीचा नळही येऊ शकतो. इमारतीसाठी रोजगार हमीच्या कामाशी जोड घालता येते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती नुसती सह्यांची होऊ देऊ नका. तिथे ठराव करा आणि गावच्या विकास आराखड्यात अंगणवाडीचं काम लिहून घ्या. नव्या इमारतीचा नकाशा असेल तर तो सभेत मागा. नकाशा वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. रिकाम्या जागेत चुन्याने आखून घ्या, मुलं आत उभी करा, मग कळतं काय पुरतंय आणि काय नाही.

आमच्याकडेही हाच झगडा आहे. झोपड्या पाडून इमारती बांधताना नियमाप्रमाणे बालवाडीसाठी जागा ठेवावी लागते. एका इमारतीत ती खोली नकाशात होती, पण आत सिमेंटच्या गोण्या आणि मंडळाचं मखर होतं. आयांनी नकाशाची प्रत मागितली, त्या खोलीवर 'बालवाडी' असं लिहिलेलं सगळ्यांना दाखवलं आणि किल्ली मागत राहिल्या. दोन पावसाळे गेले, पण खोली मिळाली. आज तिथे मुलं बसतात. खिडकी अजून उंचच आहे, म्हणून तिच्याखाली लाकडी ओटा ठेवलाय. त्यावर चढून मुलं रस्ता बघतात.

मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एवढं करा. बैठक अंगणवाडीतच घ्या. तीन फुटांची काठी न्या. नळ, खिडकी, कडी, पायरी, शौचालय मोजा आणि वहीत लिहा. जे आपल्या हातांनी होईल, खालचा फळा, कोपरे, खालच्या फळ्या, ते त्याच आठवड्यात सेविकाताईंबरोबर बसून करा. ज्याला पैसा लागेल त्याची यादी महिला सभेत मांडा. आणि अंगण शिल्लक असेल तर ते कुणाच्या गाडीसाठी, कुणाच्या विटांसाठी देऊ नका. एक झाड लावा, थोडी माती आणि वाळू टाका, परसबागेत चार वाफे करा. मुलांना त्यात हात घालू द्या.