शाळेत मशीन आलं, तार कधी येणार?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

सध्या पाड्यापाड्यात एकच बोलणं चाललंय. शाळेला टॅब मिळणार, भिंतीवरचा टीव्ही मिळणार. काही ठिकाणी मिळालेत पण. आम्ही मशीनच्या विरोधात नाही. दाव्यांच्या वेळी आपल्याच पोरांनी जीपीएस हातात धरून प्लॉट मोजले. पण तेव्हा काम काय ते आपण ठरवलं होतं, मशीन नंतर आलं. शाळेत उलटं होतंय.

कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत २००७ साली एका परदेशी संस्थेच्या योजनेतून पोरागणिक एक लॅपटॉप आला. भारतातला तो पहिला प्रयोग. तसलेच लॅपटॉप दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या सरकारने ८ लाखांवर वाटले. तिथेही डोंगरातली गावं, पुष्कळ पोरांची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. पुढे खेड्यांतल्या ३१९ शाळांची पाहणी झाली. १५ महिन्यांनी बघितलं तर गणितात आणि भाषेत लॅपटॉपवाली पोरं बाकीच्यांच्या पुढे नव्हती. (डोकं चालवायच्या कोड्यांत थोडी पुढे होती, तेही सांगायला हवं.) इंटरनेट जवळपास कुठेच नव्हतं.

म्हणून मशीन दाखवून कुणी दुसरा गुरुजी टाळत असेल तर ऐकायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन गुरुजी लागतात. शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन सभासद आईबाप असतात, तिथे हे लेखी नोंदवा. घरी वारली नाहीतर भिली बोलणारं पहिलीतलं पोर टीव्हीतल्या पुस्तकी मराठीला काय उत्तर देणार? समोर माणूस असला तर निदान थांबून परत विचारेल.

आता तारेचं. विजेशिवाय टॅब म्हणजे पाटीच, आणि पाटी स्वस्त. तार मागायला गेलं की, "मधे जंगल आहे, जमणार नाही," म्हणून परत पाठवतात. तेव्हा वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) पुढे ठेवायचं. दाव्यांच्या गडबडीत ते मागे पडतं, पण आपल्या फार कामाचं आहे. त्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता आहे, तशाच विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा आहेत, सौरऊर्जेसारखी सोयही बसते. सोय सरकारी हवी. जमीन १ हेक्टरपेक्षा कमी, तोड हेक्टरी ७५ झाडांच्या वर नाही, आणि ग्रामसभेची शिफारस. एवढं जमलं की १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली दिल्लीची परवानगी लागत नाही, विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर काम होतं.

प्रस्ताव वीजवाल्यांनी घालायचा, शिफारस मात्र गावाची. ती घाईत देऊ नका. तारेची वाट आधी सगळ्यांनी चालून बघा, बायांना सोबत घ्या, कुठला मोह कुणाच्या वेचणीचा ते त्याच सांगतील. मधली झाडं मोजा, मोह-हिरडा वाचेल अशी वाट धरा, मग ठराव लिहा. त्याच ठरावात दुसरा गुरुजीही मागा. आणि नकलेवर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

जिंदाबाद!