रामबाण आणि हमी



क्रांती चौकातून निघणाऱ्या मोर्चांच्या निवेदनांत, तसेच त्या निवेदनांना सरकारकडून मिळणाऱ्या उत्तरांत, ‘रामबाण उपाय’ हा शब्दप्रयोग सारख्याच श्रद्धेने वापरला जातो. मागणारा आणि नाकारणारा दोघेही एकाच शब्दाचा आश्रय घेतात, तेव्हा त्या शब्दाची झडती घेणे कार्यकर्त्याचे काम ठरते.

रामाचा बाण लक्ष्य चुकत नाही, एवढाच या शब्दाचा मूळ आशय. एका विशिष्ट रोगावर जे औषध अचूक लागू पडते ते रामबाण. सगळ्याच रोगांवर चालणारे औषध ही निराळी कल्पना असून तिला ‘सर्वरोगहर’ हा शब्द मराठीत आहे; पण तो उच्चारला की ऐकणाऱ्याला जत्रेतला वैदू आठवतो. म्हणून व्यासपीठावर तो कोणी वापरत नाही. त्याचे काम रामबाणावर सोपवले जाते आणि अचूकतेच्या नावाखाली सर्वव्यापकता खपवली जाते.

याचे भाऊबंदही पाहण्यासारखे आहेत. दख्खनी बोलणाऱ्या या शहरात ‘अक्सीर इलाज’ परका वाटत नाही. अक्सीर ही मुळात किमयागारांची वस्तू, तांब्याचे सोने करणारी. अरबीतला हाच शब्द युरोपात जाऊन ‘एलिक्झिर’ झाला. ‘जालीम’ म्हणजे जुलूम करणारा, तरी मराठी माणूस कौतुकाने ‘जालीम औषध’ म्हणतो. औषध कडू आणि दाहक असल्याशिवाय गुण येत नाही, हा अनुभव त्यामागे असावा. ‘तोडगा’ मंत्रतंत्रातून आला आणि आता वाटाघाटींच्या बातम्यांत सुखाने नांदतो. ‘मात्रा’ मात्र या सर्वांत प्रामाणिक. औषध आणि त्याचे प्रमाण हे दोन्ही अर्थ तिच्यात आहेत, आणि ‘येथे कोणाची मात्रा चालली नाही’ अशी कबुलीही तीच देते.

संजीवनीची कथा तर सर्वांना पाठ आहे. तथापि वाल्मीकी रामायणात हनुमानाला एक नव्हे, चार वनस्पती आणायला सांगितल्या होत्या : मृताला जिवंत करणारी, रुतलेले शल्य काढणारी, कांती पूर्ववत करणारी आणि तुटलेले सांधणारी. चार व्यथांना चार औषधे! लोकस्मृतीने त्यांतली एकच ठेवली.

मराठवाड्याच्या पाण्याचे राजकारण या एका वनस्पतीच्या शोधात वाढले. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्‌घाटन केले, आणि दुष्काळ इतिहासजमा होणार असे वातावरण निर्माण झाले. धरणाने पाणी दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वरच्या अंगाला नाशिक-नगरच्या धरणांत पाणी अडले की पैठणला काय पोहोचणार, आणि पोहोचलेल्या पाण्यावर उसाचा अधिकार किती व ज्वारीचा किती, या निराळ्या व्यथा होत्या. त्यांना निराळी औषधे हवी होती. याच धरणातून पाणी घेणाऱ्या शहरात 2022 च्या उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांना पाच-सहा दिवसांआड नळ येत होता. मधल्या काळात, 2015 आणि 2019 साली, हे शहर केंद्र धरून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. विमानातून क्षार फवारून ढगातल्या बाष्पाचे थेंब मोठे करता येतात, पण जो ढग आकाशात नाही तो निर्माण करता येत नाही. दुष्काळात नेमकी उणीव ढगांचीच असते.

औषधांच्या बाबतीत कायदा जागरूक आहे. 1954 च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक रोग बरे करण्याच्या आणि जादुई उपायांच्या जाहिरातींना बंदी केली. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांना तो लागू नाही!

या पार्श्वभूमीवर 1972 च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचे नावच पाहावे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली, खडी फोडणाऱ्या हातांच्या आणि डाव्या पक्षांच्या मोर्चांनी ती रेटली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. दुष्काळ नाहीसा करण्याचे वचन तिने दिले नाही. ग्रामीण भागात अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या प्रौढाला काम, आणि पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारी भत्ता, एवढेच तिचे म्हणणे. तिच्या अंमलबजावणीत खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी रखडली, कामे ठेकेदारांच्या सोयीने निघाली. हे सारे खरे. परंतु या तक्रारी करता आल्या त्या ‘हमी’ या शब्दामुळेच. रामबाण चुकला तर कोणाला जाब विचारायचा? तो शब्द स्तुतीचा आहे, त्याने बोलणाऱ्यावर कोणतेही बंधन येत नाही. हमी देणाऱ्याला मात्र ती शब्दच बांधून ठेवते. 2005 च्या केंद्रीय कायद्याने महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेतला तेव्हा हा शब्दही दिल्लीला गेला.

पुढचे निवेदन लिहिताना ‘रामबाण’ आला की लेखणी थांबवून तीन गोष्टी विचारता येतील : रोग कोणता, मात्रा किती, आणि गुण न आल्यास उत्तरदायी कोण. बहुतेक वेळा त्यांची उत्तरे लिहिता लिहिता तो शब्द आपोआप गळून पडतो, कारण त्याच्या जागी गावाचे नाव, विहिरींची संख्या आणि अधिकाऱ्याचे पद येते. रोजगार हमीतील काम मागणीचा नमुना क्रमांक 4 ज्यांनी खेड्यांत बसून मजुरांकडून भरून घेतला, त्यांना ही भाषा नवीन नाही. त्यात उपायाला विशेषण लावायला जागाच नव्हती. मजुराचे नाव, गाव, किती दिवस काम हवे ते, आणि खाली अंगठा.