मुकी इंग्रजी आणि बोलती माणसं

(माधवनगर येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



चीनमध्ये ज्याला 'मुकी इंग्रजी' म्हणतात, ती आपल्या सांगली जिल्ह्यात घरोघरी आहे. चिनी भाषेत त्यासाठी 'याबा यिंग्यू' असा शब्दच आहे. 'याबा' म्हणजे मुका आणि 'यिंग्यू' म्हणजे इंग्रजी. व्याकरण पक्कं, शब्द हजारोंनी पाठ, पेपरात गुण भरघोस, आणि समोर इंग्रजी बोलणारा माणूस उभा राहिला की तोंडाला कुलूप. तिथला मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी, तिला ते 'गाओकाओ' म्हणतात, वर्षानुवर्षं इंग्रजी घोकतो. परीक्षा संपते. मग तो परदेशी जातो, आणि पहिल्याच दिवशी वसतिगृहातला सोबती जाता जाता "व्हॉट्स अप" म्हणतो, तेव्हा हा वर छताकडे बघतो.

आता हा मुलगा चीनचा आहे की आपल्या बुधगावचा, हे सांगता येईल का? आपल्याकडे मराठी शाळांत 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आज जी मुलं विशीत आहेत किंवा जेमतेम तिशीला पोचली आहेत, त्यांना अगदी पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी होतं. यातली कितीतरी मुलं पुण्याला हिंजवडीत गेली, बंगळूरला गेली, काही सातासमुद्रापार गेली. त्यांच्याशी बोललं की एकच गोष्ट ऐकू येते: "सर, मीटिंगमध्ये अडत नाही. चहाच्या वेळी अडतं." मीटिंगची इंग्रजी पुस्तकातून आलेली असते. चहाच्या वेळची इंग्रजी पुस्तकात नसते. तिथे थट्टा असते, अर्धी वाक्यं असतात, कुणाची तरी नक्कल असते. सगळे हसतात आणि हा उगाच हसल्यासारखं करतो. हे एकटेपण फार मोठं आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवली, त्यामुळे मला ते आत लागतं.

ही रोजची बोली इतकी अवघड का, हे समजायला आपण उलट बाजूने बघू. समजा, चीनहून एखादी मुलगी मराठी शिकून आली. पुस्तक कोळून प्यायली. सांगलीच्या बसस्टँडवर उतरली आणि तिने ऐकलं, "गड्या, नादखुळा!" ती कोश काढणार. नाद म्हणजे आवाज, किंवा छंद. खुळा म्हणजे वेडा. आवाजाने वेडा झालेला? छंदाने वेडा? आणि समोर तर कुणीतरी नव्या गाडीकडे बघून हे म्हणतोय! पुढे कुणी म्हणालं, "विषय हार्ड हाय." विषय म्हणजे शाळेतला, हार्ड म्हणजे कठीण. तिला वाटणार, बिचाऱ्याला गणित जमत नाही. आणि "जाळ अन् धूर संगटच" ऐकल्यावर ती अग्निशामक दलाला फोन करेल. हे शब्द आपल्याला कुणी शिकवले? कुणीही नाही. आपण ते तालमीत, पारावर, रस्सामंडळात ऐकले. कोण कुणाला, कुठल्या सुरात म्हणतो ते पाहिलं आणि एक दिवस ते आपल्या तोंडातून आपसूक बाहेर पडले. अर्थ आधी कळला नव्हता. प्रसंग आधी कळला होता.

परकी बोली अशीच शिकता येते याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या जिल्ह्यातले गलाई बांधव घ्या. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी भारतभर पसरली. दुष्काळाने बाहेर काढलं आणि भट्टीने पोट भरलं. केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत सराफ बाजार म्हटला की तिथे आपलं माणूस सापडतं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात जातं. मूस भट्टीत ठेवायची, तेजाब सांभाळायचं, मोड वितळवायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, कारण सोन्यावरून त्याची नजर हटत नाही. आणि गिऱ्हाईक बसलं की बोलतं. घट किती येईल, मागच्या वेळी एवढी कशी आली, मुलीचं लग्न कधी, पाऊस झाला का. पोराला धड अक्षर ओळखता येत नाही, पण दोन-तीन वर्षांत ते तमिळमध्ये घासाघीस करतं, मल्याळममध्ये चेष्टा करतं. पाठ्यपुस्तक नाही, शिकवणी नाही.

त्यातलीच एक गोष्ट सांगतो. तमिळमध्ये एक शब्द दिवसातून शंभरदा येतो: 'परवायिल्लै'. 'इल्लै' म्हणजे नाही. 'परवा' म्हणजे आपली पर्वाच. कोइमतूरच्या बाजारात खानापूर तालुक्यातलं नवखं पोर हा शब्द ऐकतं, तेव्हा त्याला वाटतं, गिऱ्हाईक म्हणतंय 'मला तुझी पर्वा नाही'. आपल्याकडे असं कुणी तोंडावर म्हणालं तर भांडण होईल. पण तिथे तो माणूस म्हणत असतो, 'असू दे, चालतं'. कधी म्हणतो, 'बरं आहे की, वाईट नाही'. पाय लागला तरी परवायिल्लै, जेवण बरं झालं तरी परवायिल्लै. शब्द ओळखीचा असला की फसवणूक जास्त होते. पोराला हे कोश सांगत नाही, गिऱ्हाइकाचा चेहरा सांगतो. माणूस हसतोय, मग ही शिवी नसणार. भाषेचा खरा धडा तिथे होतो.

आता इंग्रजीकडे येतो. आपल्या शाळांत वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स', 'अ‍ॅपल ऑफ वन्स आय'. चिनी मुलंही हेच घोकतात. लंडनच्या बसमध्ये तुम्हाला 'कॅट्स अँड डॉग्स' क्वचितच ऐकू येईल. खरी अडचण कुत्र्यामांजरांची नाही. ती आहे अगदी चिमुकल्या शब्दांची: अप, ऑफ, आउट, इन, ओव्हर. 'पुट' म्हणजे ठेवणे हे पाचवीच्या मुलाला येतं. पण 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणं, 'पुट आउट' म्हणजे विझवून टाकणं. आपला विद्यार्थी यांच्या वाटेलाच जात नाही. तो म्हणतो 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश'. चूक काहीच नाही. पण ऐकणाऱ्याला ते कसं वाटतं? एखाद्याने घरात शिरून "मातोश्री, मी भोजन ग्रहण करू इच्छितो" म्हणावं, तसं.

हे असं का झालं याचं उत्तर इतिहासात आहे. 1066 साली फ्रान्सच्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, न्याय, जमिनीची कागदपत्रं यांत फ्रेंच आणि लॅटिन राहिली. चुलीजवळ आणि शेतात मात्र लोक जुनीच इंग्रजी बोलत राहिले. म्हणून आजही कागदावरचा इंग्रजी शब्द बहुधा लॅटिन घराण्यातला, लांबलचक असतो, आणि घरातला शब्द आखूड, जुना, रोजच्या वापराने झिजलेला असतो. आपण इंग्रजी शिकलो ती कागदावरून, म्हणून आपल्याकडे दरबारातले शब्द आले आणि चुलीजवळचे तिकडेच राहिले. चिनी विद्यार्थ्यांचंही तेच. लियाओ आणि फुकुया या दोन अभ्यासकांनी 2004 साली चिनी विद्यार्थ्यांवर लिहिलेला निबंध या विषयात प्रसिद्ध आहे. मधल्या टप्प्यावरचे विद्यार्थी ही 'पुट ऑफ'सारखी क्रियापदं टाळतात, त्यातही लाक्षणिक अर्थाची जास्त टाळतात, असं त्यांना दिसलं. पुढच्या टप्प्यावरचे विद्यार्थी फारसे टाळत नाहीत, आणि त्याचं एक कारण इंग्रजी बोलणाऱ्यांचा सहवास असावा, असं त्यांनी मांडलं. मला यात नवल वाटत नाही. गलाईच्या पोराचं तेच झालं होतं.

मराठी माणसाला मात्र इथे एक फायदा आहे आणि तो आपण वापरत नाही. अशा शेपूटवाल्या क्रियापदांची आपल्या भाषेत रेलचेल आहे. 'बोलणे' घ्या. तो बोलून गेला: नकळत तोंडातून निघालं. तो बोलून बसला: आता पस्तावतोय. त्याने बोलून टाकलं: ओझं उतरलं. तिने बोलून दाखवलं: मनातलं बाहेर आलं. त्यांनी बोलून घेतलं: संधी साधली. आणि 'बोलूनचालून' म्हटलं की बोलण्याचा आणि चालण्याचा संबंधच उरत नाही! मूळ क्रिया एकच, शेजारच्या छोट्या शब्दाने माणसाचं अख्खं मन बदललं. इंग्रजीतले 'अप' आणि 'ऑफ' बहुतेक वेळा असंच काम करतात. वर्गात मी आधी 'बसणे, टाकणे, जाणे' यांची मराठी वाक्यं मुलांकडून काढून घ्यायचो आणि मग 'पुट', 'गेट', 'टेक'कडे वळायचो. मुलांच्या डोळ्यांतली भीती कमी व्हायची. आपल्या शिक्षकांनी हे करून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चित्रांचाही असाच उपयोग होतो. नोकरीवरून काढलं, हे वेगवेगळ्या भाषांत कसं म्हणतात बघा. इंग्रज म्हणतो, त्याला 'सॅक' दिली, म्हणजे पिशवी दिली: आपली हत्यारं भर आणि चल. चिनी माणूस म्हणतो, त्याचं माकूळ तळलं. कोकणातल्या मंडळींना माकूळ माहीत आहे. तव्यावर टाकलं की ते गुंडाळतं, आणि कामावरून गेलेला गडी आपली वळकटी गुंडाळतो. आपण काय म्हणतो? नारळ दिला. आणि स्वतःहून निघाला तर गाशा गुंडाळला. तिकडेही गुंडाळणंच! ज्याला हे एकदा दिसलं, तो 'सॅक' विसरणार नाही. चिनी भाषेत अडाण्याला शहाणपण सांगण्याला 'गायीपुढे वीणा वाजवणे' म्हणतात. आपण गाढवापुढे गीता वाचतो. कूपमंडूक तर दोन्हीकडे सारखाच, विहिरीत बसलेला.

चित्रं जुळतात, शिष्टाचार मात्र जुळतातच असं नाही. चीनमध्ये जुनी माणसं भेटल्यावर "जेवलात का?" विचारतात. आपल्या गावातही "जेवलासा काय?" हा नमस्कारच आहे. इंग्रजाला हे विचारलं तर त्याला जेवणाचं आमंत्रण वाटेल. आपण निघताना 'येतो' म्हणतो. ते तसंच्या तसं इंग्रजीत नेऊन 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणत दाराबाहेर पडणारी मुलं मी पाहिली आहेत. कौतुक केलं की आपण "छे, कसलं काय" म्हणतो. चिनी माणूस "नाली, नाली" म्हणतो, म्हणजे 'कुठे, कुठे'. इंग्रजीत तिथे नुसतं 'थँक यू' म्हणून थांबायचं असतं. ते आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, पण तसं ते नसतं.

एक शब्द मात्र परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला सांगून ठेवतो. आपण सर्रास म्हणतो, 'मी वालचंद कॉलेजमधून पास आउट झालो'. लष्करी छात्रांच्या 'पासिंग आउट परेड'मुळे हा प्रयोग आपल्याला ओळखीचा आहे. अमेरिकेत मात्र 'आय पास्ड आउट' म्हणजे मी बेशुद्ध पडलो. याचा अर्थ आपली इंग्रजी खोटी आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. 'प्रिपोन' हा आपल्याकडचा शब्द आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. चिन्यांचं 'जियायो', शब्दशः 'तेल घाला', म्हणजे 'चल, लाव जोर', ते 'अ‍ॅड ऑइल' होऊन 2018 साली त्याच ऑक्सफर्ड कोशात गेलं. भाषेत वाट दोन्ही बाजूंनी असते. फक्त समोर कोण आहे, हे ओळखून शब्द काढावा.

आणि उलट दिशेने आपली बोली शिकणारे परके लोकही आपल्याकडे येऊन गेले. मोल्सवर्थने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती आणली. त्यात पुष्कळ ठिकाणी शब्द कुणाच्या तोंडचा, खेळातला की तुच्छतेचा, ग्राम्य की सभ्य, हे नोंदलेलं आहे. मॅनवेरिंग नावाच्या मिशनऱ्याने 1899 साली मराठी म्हणींचा संग्रह छापला. पुढे दाते-कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन खंड सिद्ध केले. आपल्या बोलीचं एवढं धन या कोशांत असताना नव्या पिढीला ते माहीत नसावं, याचं मला दुःख होतं. ज्याला स्वतःच्या भाषेतला वाक्प्रचार लागत नाही, त्याला परक्याचा कसा लागेल?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. चिनी येत नव्हती. जपानविरुद्धच्या युद्धाच्या आघाडीवर जखमींच्या अंगाला हात लावत ते ती शिकले, आणि अशी शिकले की पुढे चिनी विद्यार्थ्यांना चिनीतूनच वैद्यक शिकवू लागले. तिथल्याच को चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. जखमी माणूस कण्हत असताना 'दुखतं का' हे नेमक्या सुरात विचारता आलं पाहिजे. तो सूर कोणत्याही यादीत नव्हता.

मग माधवनगरात काय करता येईल? चीनमध्ये सार्वजनिक बागांत 'इंग्रजी कोपरा' भरतो. शांघायच्या पीपल्स पार्कमधला विशेष प्रसिद्ध आहे. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थी, कारकून, निवृत्त माणसं जमतात आणि ओळख नसली तरी इंग्रजीत गप्पा मारतात. चुकतात, पुन्हा बोलतात. फी नाही, परीक्षा नाही. आपल्याकडे वाचनालयाचा व्हरांडा आहे, रविवारची सकाळ आहे. यंत्रमागाच्या शेडवरची मुलं त्या दिवशी मोकळी असतात. परदेशी असलेली आपली मुलंमुली सुट्टीला घरी येतात, त्यांना तासभर बसवता येईल. आणि गलाईचे जुने बांधवही बोलवावेत, कारण परक्या गावात तोंड कसं उघडावं हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत?

नियम मी एकच सुचवतो. जो कुणी नवा वाक्प्रचार घेऊन येईल, त्याने अर्थ सांगायचा नाही. तो कुणी, कुणाला, कधी म्हटला, एवढंच करून दाखवायचं. अर्थ बाकीच्यांनी ओळखायचा. संयोजकांनी होकार दिला, तर पहिल्या रविवारी मी येतो. चटया आणि पाण्याची सोय तेवढी लागेल.