दुकानातील तराजू आणि गतिशास्त्राचे पहिले धडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीबद्दल प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. अशा मंगल प्रसंगी भौतिकशास्त्रासारखा रुक्ष विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असल्यास नवल नाही. परंतु या विषयाचे एक जुने ऋण माझ्या माथ्यावर आहे आणि ते याच समाजाचे आहे. ते फेडण्यासाठी मी येथे उभा आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी न्यूटनचा तिसरा नियम शिकवीत होतो. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी समान व विरुद्ध असतात, हे मी फळ्यावर लिहिले आणि मुलांनी वहीत उतरवून घेतले. तेव्हा एका किराणा दुकानदाराची मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, क्रिया आणि प्रतिक्रिया जर नेहमीच समान असतात, तर आमच्या दुकानातील तराजूचे पारडे खाली जातेच कसे?" वर्ग हसला. मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस." खरे कारण एवढेच होते की मला उत्तर ठाऊक नव्हते. पुढे ती वाणिज्य शाखेकडे वळली. माझ्या त्या उत्तरामुळेच वळली असे मी म्हणत नाही. पण त्यामुळे वळली नाही, असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आज त्या प्रश्नाचे उत्तर देतो. पारड्यात साखर ठेवली की साखर पारड्याला खाली दाबते आणि पारडे साखरेला तेवढ्याच जोराने वर दाबते. पारडे स्थिर असो वा खाली जात असो, ही दोन्ही बले समानच राहतात. परंतु एक बल पारड्यावर आहे आणि दुसरे साखरेवर आहे. वेगवेगळ्या वस्तूंवरील बले एकमेकांना रद्द कशी करतील? साखर खाली का गेली हे पाहावयाचे असेल, तर केवळ साखरेवरील बले पाहावीत. पृथ्वी तिला खाली ओढते, पारडे तिला वर दाबते. साखरेचे वजन समोरच्या मापापेक्षा अधिक असेल, तर खाली ओढणारे बल वरचढ ठरते आणि साखर पारड्यासह खाली येते. मी मात्र वर्षानुवर्षे साखरेचे वजन आणि पारड्याचा वरचा दाब यांनाच क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणून शिकवीत आलो होतो. ते चूक होते. पृथ्वी साखरेला ओढते, त्याची खरी जोडी म्हणजे साखर पृथ्वीला ओढते ती.

विद्यार्थी मित्रहो, गतिशास्त्राची गुरुकिल्ली येथेच आहे. सूत्र आठवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : आपण कोणत्या वस्तूविषयी बोलत आहोत? आणि त्या वस्तूवर कोण-कोण बल लावीत आहे? वस्तूचे साधे चित्र काढा, प्रत्येक बलाचा बाण काढा, आणि ज्या बाणाला 'कोणी लावले' याचे उत्तर नाही तो खोडून टाका.

कार्लेखिंडीच्या वळणांवर एस. टी. मध्ये उभे राहून हा प्रयोग करून पाहा. गाडी डावीकडे वळली की आपण उजवीकडे फेकले जातो असे वाटते. फेकणारा कोण? कोणीच नाही. आपले शरीर सरळच जाऊ पाहते, वळते ती गाडी. दांडा धरला की दांडा आपल्याला आत ओढतो आणि आपण गाडीबरोबर वळतो. हाच पहिला नियम. दुसरा नियम हातगाडीवाल्याला विचारा. रिकाम्या गाडीला जेवढा जोर लावला तेवढाच भाताच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीला लावला, तर वेग फार सावकाश वाढतो. आणि धक्क्यावर उतरताना होडी आधी दोराने का बांधतात? आपण होडीला मागे रेटतो, होडी आपल्याला पुढे रेटते. बांधलेली नसेल तर ती मागे सरकते आणि आपण पाण्यात!

आता एक नाजूक मुद्दा. आपल्या तत्त्वज्ञानात गतीला साहाय्यभूत होणारे धर्मास्तिकाय आणि स्थितीला साहाय्यभूत होणारे अधर्मास्तिकाय सांगितले आहे. माशाला पाणी आणि वाटसरूला सावली हे त्यांचे दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग न्यूटनचे नियम आपल्याकडे आधीच होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. एके काळी काही अभ्यासकांनी धर्मास्तिकायाची सांगड विज्ञानातील ईथरशी घातली. पुढे विज्ञानाने ईथरच सोडून दिला. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' ग्रंथात मांडलेला प्रश्न निराळा आहे : वेगात बदल किती होतो आणि तो कोणत्या बलाने होतो? त्याचे उत्तर मोजून ताडता येते. दोन्ही विचारांचा मान राखावयाचा, तर त्यांना एकमेकांच्या पंक्तीस ओढून बसवू नये.

एका ठिकाणी मात्र आपला आचार आणि हे शास्त्र खरोखर भेटतात, आणि ते ठिकाण म्हणजे पुन्हा तराजूच. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे मापात कमी-जास्त करणे, स्पष्टपणे गणले आहे. आता पाहा : रिकामा असताना ज्याचा काटा बरोबर मध्यावर येतो, तो तराजू खरा असेलच असे नाही. दांडीची एक बाजू ४० सेंटिमीटर आणि दुसरी ५० सेंटिमीटर असली, तरी पारड्यांचे वजन जुळवून रिकामी दांडी आडवी राखता येते. मग १००० ग्रॅम माल आखूड बाजूस ठेवला तर तो ८०० ग्रॅम भरतो आणि लांब बाजूस ठेवला तर १२५० ग्रॅम भरतो! म्हणून पारख सोपी आहे : माल आणि माप यांची पारडी बदला. काटा ढळला तर तराजू खोटा. सरासरी काढाल तर १०२५ येईल, तीही चूक. ८०० आणि १२५० यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, नेमके १००० येते. कारण वजन गुणिले दांडीची लांबी हा गुणाकार दोन्ही बाजूंना समान झाला की दांडी स्थिरावते. खोट्या तराजूनेही खरे वजन काढता येते, ते असे.

हे सारे आपल्या भाषेत शिकता येईल का, अशी शंका पालक घेतात. आपल्या अष्टागरातील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांचे स्मरण करा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले, मराठीत पदार्थविज्ञानावर लिहिले आणि १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते लोकमान्य टिळकांचे गुरू होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून त्याच वेधशाळेचे चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. मोजण्याची परंपरा आपल्या दारातच आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : पंधरा दिवस कुलाबा किल्ल्यासमोर ओहोटीची वेळ लिहून ठेवा. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, हे स्वतः पाहा. मग चंद्र-सूर्याच्या आकर्षणाचा धडा वाचा. पालकांना विनंती : मुलीने प्रश्न विचारला तर 'याचा उपयोग काय' असे विचारू नका. आणि माझ्या शिक्षकबंधूंना विनंती : उत्तर येत नसेल तर "उद्या पाहून सांगतो" असे म्हणा. हे तीन शब्द त्या दिवशी मला सुचले नाहीत. कोणाकडे जुना तराजू असेल, तर आज घरी जाऊन त्याची पारडी एकदा बदलून पाहावीत.