वीतभर विमान

महायुद्धात, 1942 साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलामुलींकडून लाकडी विमानं मागवली. थोडीथोडकी नाही, 5 लाख! खेळायला नव्हे, आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं म्हणून. माप 72 ला 1, म्हणजे सहा फुटी माणूस इंचभर. लाकूड कापायचं, तासायचं, घासायचं, पुठ्ठ्याचा साचा लावून बाक तपासायचा. रंग काळाच, कारण उंचावरचं विमान सावलीसारखं दिसतं. पंख चुकीचा शिकवला, तर गोळी आपल्याच माणसावर जाणार. आमच्या गटात शिवणाचं माप तपासलं की कुरकुर होते, ‘एवढ्याने काय होतंय?’ त्या पोरांना मोबदला प्रमाणपत्राचा. हे मात्र आम्हाला पटलं नाही.