जपानी चित्रपट : जुने आणि नवे



उज्जयिनीत जुन्या-नव्याचा वाद काढावयाचा तर त्याचा प्रारंभ कालिदासापासूनच करावा लागतो. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत सूत्रधाराचा साथीदार शंका घेतो, की भास, सौमिल्ल यांच्यासारखे कीर्तिमान नाटककार असताना या आजच्या कवीचे नाटक कशासाठी? आज ज्याच्या नावाने ही नगरी दरवर्षी समारोह साजरा करते, तो कालिदास एके काळी ‘नवा’ होता आणि नवा म्हणूनच संशयास्पद ठरला होता. सूत्रधाराच्या उत्तराचा आशय असा, की वय हा गुणाचा पुरावा नव्हे. जाणत्याने स्वतः पारखून घ्यावे, दुसऱ्याच्या मतावर विसंबू नये. जपानी चित्रपटांविषयी रसिकांत जो एक वाद दीर्घकाळ चालत आला आहे, त्याला हीच कसोटी लावून पाहणे उचित ठरेल.

तो वाद थोडक्यात असा : जपानी चित्रपट १९५० च्या दशकात शिखरावर होता, कुरोसावा, ओझू, मिझोगुची यांच्यानंतर तेथे उरली ती केवळ उतरण. हे मत सर्वस्वी निराधार नाही. त्या दशकाचे वैभव पाहून कोणीही स्तिमित व्हावे. अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ला १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. पुढल्याच वर्षी त्यांचा ‘इकिरू’ आला आणि १९५४ साली ‘सेव्हन सामुराई’. केंजी मिझोगुची यांचे ‘उगेत्सु’ आणि ‘सांशो दायु’ १९५३ आणि १९५४ साली लागोपाठ व्हेनिसला गौरवले गेले. यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ सालचा, तर मिकिओ नारुसे यांचा ‘फ्लोटिंग क्लाउड्स’ १९५५ सालचा. अवघ्या पाच वर्षांत एका देशाने एवढे द्यावे, हे कोणत्याही कलेच्या इतिहासात विरळाच.

ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. या चित्रपटांच्या पाठीशी भक्कम वाचन उभे होते. ‘राशोमोन’ हा र्युनोसुके आकुतागावा यांच्या दोन कथांवर आधारलेला आहे, तर ‘उगेत्सु’चे मूळ अठराव्या शतकातील उएदा आकिनारी यांच्या कथांत आहे. ‘सांशो दायु’ मोरी ओगाई यांच्या कथेवरून घेतला गेला. ‘इकिरू’मागे टॉलस्टॉयच्या इव्हान इलिचची सावली आहे. कुरोसावांनी दोस्तोयेव्हस्कीची ‘इडियट’ जपानी बर्फात नेली आणि मॅकबेथला सामुराईचा वेष दिला. पडद्यावर दिसणाऱ्या त्या प्रतिमांची मुळे अशी पुस्तकांच्या कपाटांपर्यंत पोहोचलेली होती.

ओझूंची रीत तर मराठी माणसाला सहज ओळखीची वाटावी. त्यांचा कॅमेरा बहुधा जमिनीपासून थोड्याच उंचीवर, चटईवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेइतका असतो. ‘टोकियो स्टोरी’त ओनोमिची या गावचे एक वृद्ध जोडपे राजधानीत स्थिरावलेल्या मुलांना भेटावयास जाते. मुले वाईट नाहीत. ती कामात आहेत, एवढेच. आस्था दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. कोणी ओरडत नाही, कोणी कोणाला दोष देत नाही. आणि तरीही प्रेक्षकाच्या घशात काहीतरी अडकून राहते. ज्या घरातील मुले पुण्या-मुंबईला किंवा त्याही पलीकडे गेली आहेत, त्या घराला हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढे मान्य केल्यावर मात्र पहिली शंका उपस्थित होते. ज्या १९५४ साली तोहो कंपनीने ‘सेव्हन सामुराई’ दिला, त्याच साली त्याच कंपनीने ‘गोजिरा’ नावाचा अजस्र राक्षसही पडद्यावर आणला. १९६० साली जपानमध्ये ५४७ चित्रपट निघाले. त्यांपैकी किती आज कोणाच्या स्मरणात आहेत? काळाची चाळणी कोंडा खाली पाडते आणि वर राहिलेल्या दाण्यांनाच पुढच्या पिढ्या ‘त्या काळचे पीक’ समजतात. नव्या काळाचे धान्य मात्र कोंड्यासकट समोर येते. गेल्या काळाची निवडक रत्ने आणि चालू काळाची सरसकट रास यांची तुलना न्याय्य होऊ शकत नाही.

दुसरी शंका समकालीनांच्या निवाड्याविषयी आहे. ‘राशोमोन’ ज्या कंपनीने काढला, तिच्या प्रमुखांनाच तो नीटसा उमगला नव्हता. तो व्हेनिसला पोहोचला तो एका इटालियन विदुषीच्या आग्रहामुळे, आणि खुद्द कुरोसावांना त्याची कल्पना नव्हती. ओझू हे तर फारच ‘जपानी’ आहेत, परदेशात कोणाला कळणार, अशा समजुतीने त्यांचे चित्रपट दीर्घकाळ बाहेर फारसे पाठवले गेले नाहीत. त्याच ‘टोकियो स्टोरी’ला २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या जगभरच्या दिग्दर्शकांच्या मतदानात प्रथम स्थान मिळाले. मधे जवळजवळ साठ वर्षे गेली. तेव्हा चालू काळाविषयी घाईने निकाल देणाऱ्याने थोडे सबुरीने घेतलेले बरे.

तथापि, उतरण मुळीच झाली नाही, असे म्हणणे हाही एक प्रकारचा दुराग्रहच ठरेल. १९५८ साली जपानमध्ये चित्रपटांची सुमारे ११२ कोटी तिकिटे विकली गेली. १९९६ साली ती संख्या १२ कोटींच्या आसपास आली होती. १९५३ साली दूरचित्रवाणी सुरू झाली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत ती घरोघर पोहोचली. ‘राशोमोन’ काढणारी दाइएई कंपनी १९७१ साली दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी, आधीचा चित्रपट अपयशी ठरलेल्या कुरोसावांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. पुढे त्यांना उभे केले ते परदेशाने : ‘देर्सू उझाला’ सोव्हिएत रशियाच्या पैशावर झाला, तर ‘कागेमुशा’साठी कोपोला आणि ल्यूकस हे अमेरिकन दिग्दर्शक पाठीशी उभे राहिले.

या पडझडीत खरोखर काय हरवले? केवळ प्रेक्षक नव्हे. जुनी चित्रपटकंपनी ही एक प्रकारची गुरुकुले चालवीत असे. तरुणाने साहाय्यक म्हणून दाखल व्हावे, वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली संहिता, संकलन, नटांचे सांभाळणे शिकावे आणि मग स्वतंत्र चित्रपट करावा, अशी ती रीत होती. कुरोसावा काजिरो यामामोतो यांच्या हाताखाली असेच तयार झाले. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल घडले, ते याच रीतीने. कंपन्या ढासळल्या तेव्हा ही विद्या हातातून हाती देण्याची वाट अरुंद झाली. पुढे अनेक कंपन्यांनी मिळून भांडवल घालावे आणि लोकप्रिय चित्रकथा किंवा दूरचित्रवाणी मालिका पडद्यावर आणावी, हा सुरक्षित मार्ग जपानमध्ये रूढ झाला. भागीदार अनेक झाले, की धाडस कमी होते. नव्या जपानी चित्रपटांवरील आक्षेपात तथ्य आहे ते येथे.

परंतु या अरुंद वाटेनेही माणसे आलीच. ओझूंचे साहाय्यक राहिलेले आणि त्यांच्या शैलीविरुद्ध बंड करणारे शोहेई इमामुरा यांनी १९८३ आणि १९९७ असा दोनदा कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळवला. १९९७ सालीच ताकेशी कितानो यांच्या ‘हाना-बी’ने व्हेनिसचा सुवर्णसिंह जपानला परत नेला. हायाओ मियाझाकी यांनी हाताने काढलेल्या चित्रांना जे गांभीर्य दिले, त्याची साक्ष २००१ सालचा ‘स्पिरिटेड अवे’ देतो. हिरोकाझू कोरेएडा यांच्या ‘स्टिल वॉकिंग’मध्ये (२००८) आईवडिलांच्या घरी एक दिवस जमलेले कुटुंब आहे. स्वयंपाकघरातल्या सोलण्या-चिरण्याच्या आवाजाखाली गेलेल्या मुलाचे दुःख वाहत असते. त्यांच्याच ‘शॉपलिफ्टर्स’ला २०१८ साली कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. र्युसुके हामागुची यांचा ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१) हारुकी मुराकामी यांच्या कथेवर आधारलेला असून त्यात चेखॉव्हच्या ‘अंकल व्हान्या’चा प्रयोग अनेक भाषांतून, इतकेच नव्हे तर खुणांच्या भाषेतूनही उभा राहतो. म्हणजे पुस्तकाच्या कपाटाशी असलेले जुने नाते तुटलेले नाही. आणि २०२५ साली ‘कोकुहो’ हा काबुकीतील स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचा तीन तासांचा चित्रपट पाहण्यासाठी जपानी प्रेक्षकांनी विक्रमी गर्दी केली. बालगंधर्वांच्या आठवणी जपणाऱ्या समाजाला त्यामागचे मर्म उलगडून सांगावयास नको.

हा सारा विचार मराठी रसिकाला परका नाही. ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसला वाखाणला गेला, ‘राशोमोन’च्या चौदा वर्षे आधी. ‘टोकियो स्टोरी’ प्रदर्शित झाला, त्याच सुमारास प्रभात कंपनी बंद पडली. पुढे प्रभातच्या त्याच पुण्याच्या वास्तूत चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि जपानी चित्रपटांचे धडे भारतीय तरुणांनी तेथे गिरवले. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले १९५४ साली, त्यानंतर तोच मान पुन्हा मराठीकडे येण्यासाठी २००४ सालचा ‘श्वास’ यावा लागला. या पन्नास वर्षांत ‘प्रभात गेली, सारे संपले’ असे किती वेळा म्हटले गेले असेल! आणि मग चैतन्य ताम्हाणे या तरुणाचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला; २०२० साली त्यांच्या ‘द डिसायपल’ला तेथेच पटकथेचा पुरस्कार मिळाला.

म्हणून प्रश्न जपानपुरता राहत नाही. महाराष्ट्रापासून दूर, माळव्यात पिढ्यान् पिढ्या मराठी जपणाऱ्या समाजाला तो अधिकच जवळून भिडतो. घरातील वडीलधारी मंडळी जर नातवंडांना सतत ऐकवीत राहिली, की मराठीतले उत्तम ते सर्व होऊन गेले, तर ती नातवंडे काय करतील? जे संपले आहे त्याच्या वाटेला कोण जाईल? ‘जुने ते सोने’ या म्हणीने जुन्याचा गौरव होतो हे खरे. पण तिचाच अतिरेक झाला, तर त्या जुन्याचा वारसच उरत नाही. ओझूंना इमामुरांसारखा बंडखोर साहाय्यक लाभला, त्यांच्या कुटुंबचित्रांचा धागा पुढे कोरेएडांच्या घरांत दिसला, म्हणूनच ओझू आज केवळ संग्रहालयातील वस्तू झालेले नाहीत.

शंभर वर्षे चाललेले ग्रंथालय हे या प्रश्नाचे चालतेबोलते उत्तर असते. त्याच्या एका कपाटात जीर्ण पानांची पुस्तके असतात आणि दुसऱ्यात कालच दाखल झालेली. त्यांच्यामधले अंतर चार पावलांचे असते. जो वाचक ती चार पावले दोन्ही दिशांनी चालतो, त्याला जुन्या-नव्याचा वाद फारसा छळत नाही. तो दोन्ही उघडून पाहतो, पारखतो आणि मग आपले मत बनवतो. कालिदासाच्या सूत्रधाराला अभिप्रेत असलेला जाणता तो हाच.