सेवेच्या वाटेवर मुले



परदेशस्थ मराठी कुटुंबांना आपल्या मुलांसह कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर सेवाकार्यासाठी यावेसे वाटते, हे स्तुत्यच आहे. पण त्यांची सोय असते डिसेंबरच्या सुटीत, आणि तेव्हा कातकरीवाड्या निम्म्या ओस पडलेल्या असतात. पावसाळ्यात मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मागे सांभाळणारे कोणी नसल्याने मुलेही सोबत जातात. विटा उलटतात, धाकटी भावंडे सांभाळतात. शाळा सुटते ती बहुधा कायमची. मग पाहुण्या मुलांनी आणलेल्या वह्या घ्यायच्या कोणी? मागे राहिलेल्या वृद्धांना खाऊ देऊन छायाचित्रे काढणे, ही काही सेवा नव्हे.

भट्टीवर जाणारी मुले गावातच राहावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. दात्यांनी आपले बळ तिच्यामागे उभे करावे, तेही दिवाळीपूर्वी. प्रत्यक्ष यायचे तर जुलैत यावे. अमेरिकेतील शाळांना तेव्हा दीर्घ सुटी असते, वाडीची मुले घरी परतलेली असतात आणि भातलावणी चालू असते. चिखलात रोप कसे धरावे, हे वाडीचीच मुले पाहुण्यांना शिकवतील. मात्र पावसाचा अंदाज पाहूनच डोंगर चढावा. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री.